ठाणे-नवी मुंबईतली अन्न तपासणी: काय सापडतं, काय निसटतं

हॉटेलचा रिव्ह्यू लिहिणारे खूप आहेत. त्या हॉटेलच्या भटारखान्यात शिरण्याचा अधिकार ज्या तपासणीला आहे, तिच्याबद्दल मात्र फारसं कुणी लिहीत नाही. खरं तर हीसुद्धा एक सेवाच आहे आणि तिचे पैसे आपण करातून भरतो. ठाण्यात आणि नवी मुंबईत ती कशी चालते, तिच्या कुठल्या भागावर विसंबावं, दुकानदाराने तिच्यासाठी काय तयार ठेवावं आणि गिऱ्हाइकाने तिचा उपयोग कसा करून घ्यावा, याबद्दल हा रिव्ह्यू आहे.

आमचं मत आधीच सांगतो. कायदा चांगला आहे, तपासणीची यादी त्याहून चांगली आहे आणि भेसळ पकडण्यात ही व्यवस्था भरवशाची आहे. पण अन्नातून विषबाधा होते ती चुकलेल्या दोन-चार तासांमुळे, आणि नेमक्या त्या तासांत अधिकारी दुकानात असण्याची शक्यता फार कमी. ते तास राखायचं काम दुकानाचं आहे. ते दुकान करतंय का, हे दाखवणारी साधनं फार महागही नाहीत.

आधी कोणाकडे जायचं ते बघू, कारण निम्म्या तक्रारी चुकीच्या दारात जाऊन थकतात. २००६ चा अन्न सुरक्षा आणि मानके कायदा ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाला. आपल्याकडे तो राबवतं राज्याचं अन्न व औषध प्रशासन, म्हणजे एफडीए. परवाना आणि नोंदणी देणं, नमुने घेणं, सुधारणा नोटीस काढणं, परवाना निलंबित करणं ही कामं त्यांची. महापालिकेकडे (खाडीच्या अलीकडे ठाणे, पलीकडे नवी मुंबई) मटण-चिकनच्या दुकानांचे परवाने, कत्तलखाना, पाणीपुरवठा, गटार, कचरा आणि फेरीवाले. म्हणून फरसाणात खिळा निघाला, दुधाबद्दल शंका आली, मिठाईवर तारीखच नाही, तर एफडीए. मटणावर शिक्का नाही, कोंबडीच्या दुकानाचं रक्त उघड्या नाल्यात जातंय, हॉटेलच्या मागे उष्ट्याचा ढीग साचलाय, तर महापालिका. पाण्याची तक्रार असेल तर दोन्हीकडे द्यावी. नळाचं पाणी पालिकेचं, पण दुकानाच्या टाकीत आल्यावर त्याची जबाबदारी दुकानदाराची होते.

परवान्याच्या नंबरावर फार वेळ घालवायची गरज नाही, पण तो वाचता यायला हवा. नंबर १४ आकडी असतो. पहिला आकडा १ असेल तर परवाना, २ असेल तर छोट्या व्यावसायिकाची नोंदणी. पुढचे दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे १५. केंद्रीय परवान्यात तिथे ०० येतं. त्यानंतरचे दोन वर्षाचे. म्हणजे ठाण्यातल्या हॉटेलचा राज्य परवाना ११५ ने सुरू होणार आणि छोट्या टपरीची नोंदणी २१५ ने. १ जानेवारी २०२२ पासून हा नंबर बिलावरही छापावा लागतो. केंद्राच्या परवाना पोर्टलवर, म्हणजे फॉस्कॉसवर, तो टाकला की नाव, पत्ता आणि व्यवसायाचा प्रकार दिसतो. गफलत असते ती शेवटच्या दोन रकान्यांत. पत्ता जुन्या गाळ्याचा निघतो. वास्तविक प्रत्येक जागेला वेगळा परवाना लागतो. किंवा प्रकारात नुसतं ‘किरकोळ विक्री’ असतं आणि माळ्यावर रोज शंभर डबे शिजत असतात. अशा दुकानाची भिंतीवरची पाटी खरी असते, पण ती त्या स्वयंपाकघराची नसते.

आता प्रत्यक्ष तपासणी. हॉटेल आणि केटरिंगसाठीची एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, यादी एकूण ११४ गुणांची आहे. साध्या मुद्द्याला २ गुण, तारांकित मुद्द्याला ४. १०० आणि त्यावर ए प्लस, ९१ ते ९९ ए, ७७ ते ९० बी, त्याखाली नापास. तारांकित मुद्दे बघितले की यादी करणाऱ्यांना धंदा ठाऊक होता हे कळतं. पिण्यायोग्य पाणी, कच्चं-शिजलेलं वेगळं ठेवणं, शिजवण्याचं आणि थंड करण्याचं तापमान, कीड नियंत्रण, आजारी कामगाराला अन्नापासून दूर ठेवणं, हे सगळं त्यात येतं. फुटलेली फरशी आणि टोपी न घातलेला पोऱ्या या गोष्टी डोळ्यांत भरतात, पण लोकांना रुग्णालयात पाठवतात त्या तारांकित चुका.

त्यातली सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे शिजलेलं अन्न थंड करण्याची पद्धत. नियम असा: गरम ठेवायचं तर शाकाहारी किमान ६५ अंशांवर आणि मांसाहारी ७० वर, थंड ठेवायचं तर ५ अंश किंवा त्याखाली. गरम पदार्थ फ्रीजमध्ये न्यायचा असेल तर ६० वरून २१ अंशांवर दोन तासांत आणि २१ वरून ५ वर पुढच्या दोन तासांत उतरला पाहिजे. कागदावर हे सोपं वाटतं. पण वीस लिटरची डाळ किंवा बिर्याणीचं भरलेलं पातेलं ठाण्याच्या मे महिन्यातल्या उकाड्यात ओट्यावर ठेवलं, तर दोन तासांनी वरचा थर कोमट लागतो आणि मधला भाग जंतूंना सर्वांत मानवणाऱ्या तापमानात बसून असतो. ते पातेलं तसंच फ्रीजमध्ये ढकललं की आतलं अन्न निवत नाहीच, वर शेजारचं दूध आणि चटण्याही तापतात.

भातात बॅसिलस सिरियस नावाचा जीवाणू असतो. त्याचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते रुजतात आणि जे विष तयार करतात ते पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. म्हणून रात्रीच्या उरलेल्या भाताचा सकाळी कडकडीत फोडणीभात करून तो सुरक्षित होत नाही. तो रात्रीच वेळेत थंड व्हायला हवा होता. उपाय साधा आहे: पसरट ट्रेमध्ये चार-पाच सेंटिमीटरचा थर, वर सैल झाकण, खाली बर्फाचं पाणी, अधूनमधून स्वच्छ चमच्याने हलवणं. डाळ-ग्रेव्ही असेल तर पाच-पाच लिटरच्या डब्यांत वाटून डबे बर्फाच्या पाण्यात उभे करायचे. दुसऱ्या दिवशी गरम करताना मध्यभागाचं तापमान ७५ अंशांवर गेलं पाहिजे आणि तिथे किमान दोन मिनिटं टिकलं पाहिजे. बेन मारीमध्ये (गरम पाण्यात भांडी ठेवायच्या यंत्रात) थंड रस्सा ओतून तो हळूहळू तापू देणं चूकच. ते यंत्र गरम ठेवण्यासाठी असतं, गरम करण्यासाठी नव्हे.

तपासणीला येणाऱ्यांनी काटा थर्मामीटर काढला की समजावं, तपासणी नीट होणार आहे. दुकानाने स्वतःचाही ठेवावा. वापरण्याआधी बारीक बर्फ आणि थोडं पाणी यांचा दाट काला करून त्यात टोक बुडवायचं. ० अंश दाखवायला हवं. उकळत्या पाण्यात आपल्याकडे, समुद्रसपाटीला, १०० च्या आसपास. टोक पदार्थाच्या सर्वांत जाड भागात जायला हवं, हाडाला किंवा भांड्याच्या तळाला टेकता कामा नये. कच्च्या चिकनमधून काढून तसंच शिजलेल्यात घातलं तर थर्मामीटरच जंतू वाहून नेतो, म्हणून प्रत्येक वेळी स्पिरिटने पुसायचं. चिकनचा मधला भाग ७५ अंशांवर १५ सेकंद किंवा ७० वर दोन मिनिटं राहिला की ते शिजलं. फ्रीजच्या दारावरच्या आकड्यावर विसंबू नये. तो सेन्सरजवळच्या हवेचा असतो. मधल्या कप्प्यात पाण्याची बाटली ठेवून तिचं तापमान सकाळी, दुपारच्या गर्दीनंतर आणि रात्री लिहून ठेवावं. दुपारच्या गर्दीत दार सारखं उघडतं, म्हणून तोच आकडा खरा. नोंदवहीत महिनाभर रोज तिन्ही वेळा ४ अंशच लिहिलेले दिसले, तर ती वही एका बैठकीत भरली आहे हे अनुभवी अधिकाऱ्याला पहिल्या पानावरच कळतं.

पाण्याची तपासणी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित. पालिकेचे आरोग्य कर्मचारी जी ओटी टेस्ट (पाण्यातल्या क्लोरीनची चाचणी) करतात, तिचा संच दुकानालाही घेता येतो. पाण्यात थेंब टाकले की पिवळा रंग येतो आणि तो पट्टीशी ताडून बघायचा. उरलेला क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. रंग आलाच नाही, तर टाकी धुतलेली नाही, किंवा टँकरचं पाणी आहे, किंवा पाणी फार वेळ साठून राहिलंय. नमुना गच्चीच्या टाकीखालच्या नळाचा नको. चटणी वाटतात आणि कोथिंबीर धुतात त्या नळाचा घ्यावा. कच्च्या खायच्या भाज्या ५० पीपीएम (लिटरमागे ५० मिलिग्रॅम) क्लोरीनच्या पाण्यात धुवायच्या आणि मग पिण्याच्या पाण्याने. भेळ, सँडविच, सॅलड विकणाऱ्यांनी हे केलं तर पावसाळ्यातली निम्मी डोकेदुखी कमी होईल.

तळणीचं तेल हा या व्यवस्थेतला सर्वांत सुधारलेला भाग, कारण इथे मोजता येणारा आकडा आहे. १ जुलै २०१८ पासून तेलातल्या टीपीसीची, म्हणजे टोटल पोलर कंपाउंड्सची, मर्यादा २५ टक्के. रंगावरून ठरवता येत नाही. हळद आणि मसाल्याने चांगलं तेलही काळवंडतं आणि वारंवार तापवलेलं पाम तेल बराच काळ पिवळंच दिसतं. मीटरने मोजताना कढईतला माल आधी काढायचा, बुडबुडे शमेपर्यंत पाच मिनिटं थांबायचं आणि सेन्सर खुणेपर्यंत बुडवून तळापासून, कडांपासून लांब हलकेच फिरवायचा. बुडबुडे असताना घेतलेलं मोजमाप चुकतं आणि वाद तिथेच सुरू होतो. वडे-भजीच्या तेलाचं आयुष्य कमी होतं ते तळाशी जळणाऱ्या बेसनाच्या कणांमुळे. दिवसातून दोनदा गाळलं, गिऱ्हाईक नसताना आच कमी केली आणि मीठ कढईवर न भुरभुरता बाहेर भुरभुरलं, तर तेल जास्त टिकतं. जुन्या तेलात नवं ओतत राहिल्याने जुनं सुधारत नाही, नवंच लवकर बिघडतं. दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्यांनी वापराची नोंद ठेवायची आणि टाकाऊ तेल अधिकृत गोळा करणाऱ्यांनाच द्यायचं. तपासणीत त्याची पावती मागतात. पावती नसेल तर ते तेल कुठल्या गाडीवर गेलं, हा प्रश्न रास्तच आहे.

वर्तमानपत्रात वडापाव बांधून देणं नियमाने बंद आहे, शाईतल्या रसायनांमुळे. गरम आणि तेलकट पदार्थात शाई लवकर उतरते. बर्फाचंही असंच: न खाण्याचा बर्फ निळा करणं महाराष्ट्रात २०१८ पासून बंधनकारक आहे. सरबताच्या गाडीवर पांढरी लादी दिसली तरी ती गोणपाटात गुंडाळून फुटपाथवर फोडत असतील, तर रंगाचा नियम पाळूनही बर्फ घाण झालेलाच असतो. सुट्या मिठाईसमोर ती कधीपर्यंत चांगली राहते त्याची तारीख लिहिणं १ ऑक्टोबर २०२० पासून सक्तीचं आहे. खव्याच्या आणि बंगाली मिठाईच्या ताटासमोर ती पाटी नसेल, तर विचारायला संकोचू नये.

तुर्भ्याच्या फळबाजाराबद्दल थोडंच. कॅल्शियम कार्बाइडने आंबा पिकवायला बंदी आहे, कारण त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. इथिलीन वायूला १०० पीपीएमपर्यंत परवानगी आहे. पेटीत पुडी दिसली म्हणजे कार्बाइडच, असं नाही; इथिलीन सोडणाऱ्या पुड्याही मिळतात. कार्बाइडची पुडी ओली झाली की लसणासारखा उग्र वास येतो. हंगामात तपासणी पेट्या उघडून होते तेव्हा उपयोगाची होते. गाळ्यावर फेरी मारून काही कळत नाही.

मांसाचा भाग सर्वांत गुंतागुंतीचा आणि आमच्या मते सर्वांत कमी समजून घेतलेला. कत्तलखान्यासाठी २००१ चे नियम आहेत. जनावराला कापण्याआधी २४ तास विश्रांती. पशुवैद्यकाने तपासून दाखला दिल्याशिवाय कापायचं नाही. गाभण, तीन महिन्यांच्या आतलं, किंवा तीन महिन्यांहून लहान पिल्लू असलेलं जनावर कापायचं नाही. एका पशुवैद्यकाने तासाला १२ पेक्षा जास्त आणि दिवसाला ९६ पेक्षा जास्त जनावरं तपासायची नाहीत. विश्रांतीचा नियम दयेपोटी आहे तसा आरोग्यापोटीही आहे. दमलेल्या, घाबरलेल्या जनावराच्या स्नायूंतली साठवलेली साखर संपलेली असते. मग मांसात पुरेसं आम्ल तयार होत नाही. ते काळपट, चिकट राहतं आणि लवकर खराब होतं.

९६ चा आकडा लक्षात ठेवा. आषाढातली गटारी किंवा धुळवड डोळ्यांसमोर आणा. मागणी एका दिवसात कुठच्या कुठे जाते, पण तपासणाऱ्याचे डोळे तेवढेच राहतात. न तपासलेला माल शहरात शिरतो तो अशाच दिवशी. म्हणून तपासणी जास्त हवी ती सणाच्या आदल्या रात्री आणि सणाच्या पहाटे. मंगळवारी दुपारी दुकान बघून रविवारच्या दुकानाचा अंदाज येत नाही.

कापल्यानंतरची तपासणी म्हणजे नुसतं बघणं नव्हे. फुप्फुस आणि कलेजी हाताने दाबून बघतात, पाण्याने भरलेल्या गाठी आहेत का ते पाहण्यासाठी. कलेजीच्या पित्तनलिका चिरून चपटे कृमी शोधतात. लसिका ग्रंथी चिरून क्षयाच्या खुणा बघतात. तिल्ली फुगलेली आणि रक्त काळं, न गोठणारं असेल तर काळपुळीचा संशय असतो. असं दिसलं की ते जनावर आणखी उघडायचं नाही, कारण हवा लागली की त्या जंतूंचे बीजाणू होतात आणि ते मातीत वर्षानुवर्षं टिकतात. हे सगळं पार पडल्यावर शिक्का बसतो. म्हणून मटण घेताना अख्खं धड टांगलेलं असतानाच शिक्का बघून घ्यावा. पाव किलोचे तुकडे झाल्यावर तो दाखवता येत नाही. वजडी, मुंडी, पाये यांना तर शिक्का नसतोच. ते कुठून आले हे खरेदीच्या पावतीवरूनच कळतं. कातडी, खूर, मुंडी आणि साफ न केलेली आतडी तर दुकानात ठेवायलाही मनाई आहे.

दुकानाच्या मांडणीचे नियम नेमके आहेत. भिंतीला जमिनीपासून पाच फुटांपर्यंत टाइल्स, फरशीला मोरीकडे उतार, पायाने उघडणारी कचरापेटी, सुऱ्या बुडवायला ८२ अंशांचं गरम पाणी. लाकडी ठोकळा चालतो, पण कठीण लाकडाचा आणि भेगा नसलेला. व्यवहारात ठोकळाच सगळ्यांत आधी नापास होतो. वरून खरवडून पांढरा केलेला असतो, पण भेगेत सुरीचं टोक घातलं की काळा चिकट गाळ निघतो. रात्री खरवडून, जाड मीठ चोळून उभा वाळवणं ही जुनी पद्धत चांगलीच आहे, पण भेग पडलेला ठोकळा ती वाचवू शकत नाही. तो तासून घ्यावा नाहीतर बदलावा. रस्त्याकडे तोंड करून टांगलेलं मांस हा दुसरा नापास होणारा मुद्दा. स्टेशनजवळच्या रस्त्यावर त्याच्यावर धूळ, धूर आणि माश्या एकाच वेळी बसतात. काचेचं दार बसवणं हा खर्च एकदाच करायचा असतो.

आणि कोंबडी. मांसविक्रीच्या दुकानात जनावर किंवा पक्षी कापायला अन्न परवान्याच्या नियमावलीतल्या परिशिष्ट ४ मध्ये स्पष्ट मनाई आहे. नौपाड्यापासून नेरूळपर्यंत गिऱ्हाइकाला मात्र ‘डोळ्यांसमोर कापलेली’च हवी असते. नियम आणि सवय यांच्यातलं अंतर इतकं मोठं आहे की तपासणी इथे बहुतेक वेळा पाटी आणि परवाना बघून थांबते. या व्यवस्थेची ही सर्वांत मोठी उणीव, आणि ती फक्त दंडाने भरून निघणार नाही. जिवंत कोंबडीच्या पिसांत आणि आतड्यांत साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर असतात. रक्त जाऊ द्यायचा डबा, पिसं सोलायचं गरम पाण्याचं पिंप आणि तुकडे करायचा ठोकळा एकाच चार फुटांत असले, तर पहिल्या कोंबडीची विष्ठा दहाव्या कोंबडीच्या मांसाला लागते. पिंपातलं पाणी साधारण ५२ ते ६० अंशांचं असतं: पिसं सैल व्हायला पुरेसं, जंतू मारायला अपुरं. ते तासन्‌तास बदललं नाही की सूप होतं.

जिथे अजून कापतात, तिथे निदान एवढं तरी बघा: पिंजरे आणि कापण्याची जागा भिंतीपलीकडे आहे का, सोललेली कोंबडी वाहत्या नळाखाली धुतात की बादलीत, आतडी काढणारा आणि तुकडे करणारा हात एकच आहे का. बादलीत धुणं हा सर्वांत वाईट प्रकार, तिथून घेऊच नये. घरी आणल्यावर चिकन नळाखाली धुवायची गरज नसते. शिंतोड्यांनी सिंक आणि शेजारची भांडी दूषित होतात. ते नीट शिजवणं पुरेसं आहे. माल कुठल्या फार्मचा याची वही दुकानात हवी. फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, शहापूर तालुक्यात बर्ड फ्लू आढळला होता. अशा वेळी माल कुठून आला ते तासाभरात सांगता आलं नाही, तर सगळ्याच दुकानांचा धंदा बसतो.

मासळीत भेसळीपेक्षा बर्फ महत्त्वाचा. किलोला किलो बर्फ, खाली आणि वर दोन्हीकडे, ही साधी कसोटी. दुपारनंतर पाटीत नुसतं पाणी उरलेलं असेल तर बांगडा, कुपा, सुरमई घेऊ नये. या माशांत उष्णतेने हिस्टामिन तयार होतं, ते शिजवून जात नाही आणि खाल्ल्यावर तासाभरात अंग लाल होतं, डोकं ठणकतं. लोक त्याला मासळीची अॅलर्जी समजतात आणि तक्रार होतच नाही. फॉर्मलिनसाठी झटपट पट्ट्या आहेत, शंका आली तर त्यांनी काही मिनिटांत निकाल मिळतो.

नमुना घेण्याची पद्धत ही या सेवेची जमेची बाजू. अधिकारी मालाची बाजारभावाने किंमत देतात, साक्षीदारासमोर नोटीस देतात, नमुन्याचे चार भाग करून सील करतात. एक अन्न विश्लेषकाकडे, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे (त्या भागातल्या अन्न सुरक्षेच्या प्रमुखाकडे). चौथा भाग दुकानदाराने मागितला तर त्याच्या खर्चाने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो. ही मागणी त्याच वेळी आणि लेखी करायची असते, नंतर आठवून उपयोग नाही. दुधाच्या नमुन्यात अधिकारी फॉर्मलिनचे थेंब टाकतात ते बघून दुकानदार घाबरतात. तो नियमातलाच भाग आहे, २५ मिलिला दोन थेंब, नमुना नासू नये म्हणून. जंतूंच्या तपासणीसाठीच्या नमुन्यात मात्र काहीही टाकायचं नसतं आणि तो थंड पेटीतूनच जायला हवा. अहवाल १४ दिवसांत यायचा असतो आणि त्याविरुद्ध ३० दिवसांत अपील करता येतं. चौदा दिवसांत दुधातला स्टार्च कुठे जात नाही. कोमट राहिलेली बिर्याणी मात्र त्या दुपारीच संपलेली असते. म्हणून भेसळीसाठी नमुना आणि विषबाधेसाठी थर्मामीटर, ही विभागणी अधिकाऱ्यांनीही पाळावी असं आम्हाला मनापासून वाटतं.

हॉटेलच्या दारावरचं हायजीन रेटिंग, एक ते पाच हसरे चेहरे, खाजगी ऑडिट संस्था देतात. त्याचा उपयोग आहे, कारण त्यानिमित्ताने कामगारांचं प्रशिक्षण होतं आणि नोंदी सुरू होतात. पण त्यावरची तारीख बघा. आचारी आणि मदतनीस बदलले की स्वयंपाकघरही बदलतं, स्टिकर मात्र तोच राहतो.

गिऱ्हाइकाने तक्रार करताना वेळ नोंदवावी, हे सर्वांत महत्त्वाचं. एका तासात ते सहा तासांत उलट्या सुरू झाल्या तर बहुधा स्टॅफिलोकोकस किंवा भातातला तो जीवाणू, म्हणजे शेवटचं किंवा त्याच्या आधीचं जेवण. साल्मोनेलाला सहा तासांपासून तीन दिवसांपर्यंत लागतात. म्हणून रात्री जेवलेल्या हॉटेलवर राग काढण्याआधी आदल्या दोन-तीन दिवसांत काय काय खाल्लं ते लिहून काढा. उरलेला पदार्थ त्याच डब्यात, झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवा. फ्रीझरमध्ये नको, काही जंतू तिथे मरतात आणि पुरावा जातो. बिल, पाकीट, बॅच नंबर जपा. एफडीएचा टोल फ्री नंबर १८००२२२३६५. एफएसएसएआयचं फूड सेफ्टी कनेक्ट अॅपही चालतं. तक्रारीत ‘घाणेरडं हॉटेल’ असं लिहून काही होत नाही. ‘अमुक तारखेला दुपारी दीड वाजता पनीर टिक्का, चौघांनी खाल्ला, तिघांना पाच तासांनी उलट्या’ असं लिहिलं की अधिकाऱ्याला नेमकं काय तपासायचं ते कळतं. कायद्याच्या कलम ४० प्रमाणे ग्राहकाला स्वतः फी भरून पदार्थ अन्न विश्लेषकाकडून तपासून घेता येतो आणि उल्लंघन सिद्ध झालं तर फी परत मिळते. हा हक्क फारसा कुणी वापरत नाही.

दुकानदाराला सुधारणा नोटीस आली तर त्यात किमान १४ दिवसांची मुदत असते. ती शिक्षा समजून वकिलाकडे धावण्याआधी नोटिशीतला प्रत्येक मुद्दा वेगळ्या ओळीत लिहावा, समोर काय केलं, कोणत्या तारखेला केलं आणि त्याचा फोटो किंवा पावती जोडावी. कीड नियंत्रणाची पावती, पाण्याचा अहवाल, कामगारांचे वैद्यकीय दाखले आणि टायफॉइड लशीची नोंद, दर २५ कामगारांमागे एका प्रशिक्षित पर्यवेक्षकाचं फॉस्टॅक (एफएसएसएआयच्या प्रशिक्षणाचं) प्रमाणपत्र, एवढे कागद एका फाइलमध्ये असले तर फेरतपासणी बहुधा लवकर आटोपते. नोटिशीकडे दुर्लक्ष केलं तर परवाना निलंबित होतो. अस्वच्छतेसाठी एक लाखापर्यंत, कमी दर्जाच्या मालासाठी पाच लाखांपर्यंत आणि चुकीच्या लेबलसाठी तीन लाखांपर्यंत दंड आहे. काम झालं नसेल तर मुदत संपण्याआधी लेखी वाढवून मागावी. टाइल्स बसवायला गाळा तीन दिवस बंद ठेवावा लागणार असेल तर तेही त्या पत्रात तारखेसकट लिहावं.